दोनशेच्या नोटेवरचा मासा

लोफोटेनहून परतल्यापासून मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "एवढ्या थंडीत तिकडे काय ठेवले होते?" आणि दुसरा, मोबाईलवर हिरव्या आकाशाचा फोटो दाखवला की, "हे खरेच असे दिसते, की मागाहून रंग भरलाय?" पहिला प्रश्न बहुधा वयस्कर मंडळींचा, दुसरा तरुणांचा. तरुणांचाच फोटोवरचा विश्वास उडाला आहे, याचे मला जुना स्टुडिओवाला म्हणून वाईट वाटते. पण तो विषय वेगळा. आज या दोन प्रश्नांची उत्तरे देतो आणि कोणीच न विचारलेली एक गोष्टही सांगतो.

लोफोटेन म्हणजे नॉर्वेच्या उत्तर भागात किनाऱ्यापासून समुद्रात दूरवर गेलेली बेटांची रांग. शाळेच्या भूगोलात आपण शिकलो ते आर्क्टिक वृत्त साडेसहासष्ट अंशांवर, आणि ही बेटे ६८ अंशांच्या आसपास. आपले बेळगाव जेमतेम १६ अंशांवर. इतक्या उत्तरेला सैबेरियात हिवाळ्यात पारा उणे तीसच्याही खाली जातो. लोफोटेनला मात्र फेब्रुवारीत तो शून्याच्या आगेमागे घुटमळत असतो, कारण अटलांटिक महासागरातून येणारा उबदार पाण्याचा प्रवाह या बेटांना शेकत वर जातो. समुद्र गोठत नाही, बंदरे बारा महिने चालू. थंडीचे म्हणाल तर दिल्लीच्या जानेवारीतल्या पहाटेहून ती फार वेगळी नाही. छळतो तो वारा. तो कुठल्या दिशेने येईल आणि कधी थांबेल, हे तिथल्या माणसांनाही सांगता येत नाही.

आमची धाकटी मुलगी नोकरीनिमित्त ट्रॉन्डहेमला असते. जावई हुबळीचे, घरात कानडी, आणि पक्के शाकाहारी. २०२५ च्या फेब्रुवारीअखेरीस आम्ही तिघे विमानाने बोडोला गेलो आणि तिथून मोस्केनेसची बोट पकडली. सव्वातीन तासांचा प्रवास. अर्ध्या वाटेवर समोर काळ्यापांढऱ्या सुळक्यांची एक सलग भिंत समुद्रातून वर आलेली दिसू लागते. तिला तिथे 'लोफोटेनची भिंत' असेच म्हणतात. जवळ गेले की भिंत फुटत जाते आणि एकेक बेट वेगळे होते. हुबळीहून विहीणबाईंचा रोज फोन, "थंडी भाळ ऐतेन्री?" थंडी हा शब्द आमच्या दोन्ही घरांत एकच, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर, उजेड. फोटोवाला हिवाळ्यात उत्तरेला जातो तो उजेडासाठी. बेळगावात फेब्रुवारीअखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ६५ अंशांवर असतो. सावल्या पायाखाली, डोळ्यांखाली काळे खड्डे. लग्नाच्या दुपारी वऱ्हाडाला मंडपाबाहेर उभे करून फोटो काढणे ही काय शिक्षा असते, ती मी बत्तीस वर्षे भोगली आहे. लोफोटेनला त्याच दिवशी दुपारी बाराला सूर्य फक्त तेरा-चौदा अंशांवर. आपल्याकडे सकाळी उन्हे नुकतीच कोवळी असतात, तो उजेड तिथे दिवसभर पुरतो. बर्फावर सावल्या लांबच लांब, आणि डोंगराच्या एका बाजूला केशरी, दुसऱ्या बाजूला निळा रंग.

शिवाय तिथे सूर्य आपल्यासारखा सरळ बुडत नाही, तो तिरका घसरत जातो. आपल्याकडे सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटांत दिवेलागण होते. तिथे संधिप्रकाश तासाहून अधिक रेंगाळतो. आकाश निळे, बर्फ निळा, पाणी निळे, आणि त्या निळ्यात घरांच्या खिडक्यांतले पिवळे दिवे. स्टुडिओत असा परिणाम साधायला आम्ही पडद्यामागे निळा कागद लावून किती खटपट करत असू!

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्या बेटांवर सूर्य उगवतच नाही. म्हणजे आपण तिळगुळाची तयारी करत असतो तेव्हा तिथे सूर्य नुकताच परत आलेला असतो. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने मोठा होतो असे आपण म्हणतो. तिथे तो तिळाने नव्हे, नारळाने वाढतो. आम्ही होतो तेव्हा रोज सात-आठ मिनिटांची भर पडत होती. आठवड्यात जवळजवळ एक तास! म्हणून ज्यांना जायचे असेल त्यांनी फेब्रुवारीअखेर ते मार्चचा मध्य हा काळ निवडावा. दिवसही मिळतो, काळोखी रात्रही मिळते.

आता दुसरा प्रश्न. रात्रीचे ते हिरवे पडदे खरे असतात का? खरे असतात. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा झोत सतत येत असतो. पृथ्वीचे चुंबकत्व त्यांतल्या काहींना दोन्ही ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यांकडे वळवते. तिथे ते शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवर विरळ हवेवर आदळतात आणि हवा उजळते. हिरवा रंग प्राणवायूचा. सूर्याचे हे तेज साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्याने कमीजास्त होते, आणि २०२४-२५ ही वर्षे त्या फेऱ्याच्या शिखरावरची होती.

पण प्रश्न विचारणाऱ्या पोरांचा संशय अगदीच निराधार नाही. प्रकाश मंद असला की आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाही. कॅमेरा पाच-सहा सेकंद पापणी न मिटता पाहत राहतो, म्हणून त्याला गडद हिरवा दिसतो. आपल्याला बऱ्याचदा तो विरलेल्या धोतरासारखा पांढुरका, किंचित हिरवट दिसतो. प्रकाश जोरात आला तर मात्र डोळ्यांनाही हिरवा, कडेला गुलाबी, आणि हलताना स्पष्ट दिसतो. आमच्या सहा रात्रींपैकी चार रात्री आकाशाने घोंगडी ओढून घेतली होती. पाचव्या रात्री आम्ही रामबर्गजवळच्या स्कागसांदेन नावाच्या वाळूच्या किनाऱ्यावर गेलो. मी गाडीत थर्मासमधला चहा ओतत होतो, तेवढ्यात बाहेरून जावयांची हाक आली, "मामा, लगू बर्री! बेळकु बंतु!" चहा तसाच राहिला. ओहोटीने ओल्या झालेल्या वाळूत सगळे आकाश उलटे पडले होते. पुढची वीस मिनिटे आम्ही तिघे तीन भाषांत ओरडत होतो, तिसरी नॉर्वेजियन, ती मुलीची.

या प्रकाशाचे पहिले छायाचित्र १८९२ च्या जानेवारीत, याच देशाच्या आणखी उत्तरेला, मार्टिन ब्रेंडेल या जर्मन माणसाने काचेच्या प्लेटवर घेतले. तेव्हाची प्लेट आणि तेव्हाची भिंगे घेऊन त्याने ते कसे जमवले असेल, या विचाराने मला त्या किनाऱ्यावर आपल्या हातातल्या कॅमेऱ्याची थोडी लाजच वाटली.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. बाहेरून उबदार खोलीत आले की कॅमेऱ्यावर दव धरते. एसी बसमधून पणजीच्या स्टँडवर उतरल्यावर चष्म्याचे जे होते तेच. त्यासाठी बाहेर असतानाच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि आत आल्यावर तासभर उघडू नये. दव पिशवीवर धरते, कॅमेरा कोरडा राहतो. बर्फाचा फोटो कॅमेऱ्यावर सोडला तर राखाडी येतो, कारण कॅमेऱ्याला वाटते इतके पांढरे जगात काही नसतेच. एक-दीड स्टॉप जास्त उजेड द्यावा. हे मला नवे नव्हते. कॅम्पातल्या चर्चमध्ये पांढऱ्या गाऊनमधल्या नवऱ्या मुलींचे फोटो काढताना हा धडा रोल वाया घालवण्याच्या काळात गिरवलेला आहे. बुटांना खालून लावायचे लोखंडी काटे मिळतात, ते मात्र पहिल्याच दिवशी घ्यावेत. आमच्या वयात लेन्सपेक्षा खुबा महाग.

आता कोणी न विचारलेली गोष्ट.

लोफोटेनचा एक फोटो तुम्ही नक्की पाहिलेला आहे. कॅलेंडरवर, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, दातांच्या डॉक्टरांच्या भिंतीवर. खडकांवर खांब रोवून उभी असलेली लाल लाकडी घरे, पुढे काळे पाणी, मागे बर्फाचा सुळका. हा फोटो हामनोय नावाच्या गावातला, आणि तो एका पुलावरून काढतात. पहाटे आम्ही पोहोचलो तेव्हा पुलाच्या कठड्याला खांद्याला खांदा लावून तिपाया उभ्या होत्या. त्यांत माझीही एक. सगळ्यांच्या भिंगांचे तोंड एकाच दिशेला. मी मोजले नाही, पण रेशनच्या रांगेत जशी नजर पुढच्याच्या पिशवीवर असते, तशी तिथे ज्याची त्याची नजर शेजाऱ्याच्या तिपाईवर होती.

ती लाल घरे म्हणजे मुळात घरे नव्हेतच. त्यांना तिथे 'रोरबू' म्हणतात, म्हणजे वल्ही मारत आलेल्यांची खोपटी. हिवाळ्यात मासेमारीसाठी दूरदूरच्या किनाऱ्यांवरून कोळी यायचे, त्यांना राहायला बांधलेली. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या राजाने अशी खोपटी बांधवली होती, इतकी ही रीत जुनी. लाल रंगही शोभेचा नव्हता, तो सर्वांत स्वस्त होता. आपल्या गेरूसारखी लोहाची माती आणि त्यात माशाच्या यकृताचे तेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका हंगामाला तीस हजारांवर माणसे या बेटांवर जमत. आता त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. खोपट्यांत हल्ली आमच्यासारखे लोक राहतात, आणि भाडे असे की त्या काळच्या कोळ्याने ऐकले असते तर वल्हे हातातून सुटले असते.

ही सगळी माणसे यायची आणि येतात ती एका माशासाठी. कॉड. बॅरेन्ट्स समुद्रात वाढलेला मोठा कॉड दर हिवाळ्यात शेकडो किलोमीटर पोहत अंडी घालायला लोफोटेनच्या आडोशाला येतो. जानेवारी ते एप्रिल त्याचा मुक्काम. या प्रवासी कॉडला ते 'स्क्राय' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ भटक्या, वाटचाल करणारा. दरवर्षी नेमाने त्याच वेळी त्याच वाटेने येणारा. आपण त्याला वारकरी मासा म्हटले असते.

पुलावरच्या गर्दीने पाठ फिरवली असती तर रस्त्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, लाकडी ओंडक्यांचे उंच मांडव दिसले असते. त्यांवर हजारो कॉड शेपट्यांना बांधून, जोडीजोडीने, उलटे टांगलेले. वास येतो, हे खरे. त्या वासामुळेच बहुतेक जण तिकडे फिरकत नसावेत. कोकणात बोंबील सुकवताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूवर टाकतात, ते मी पाहिलेले होते. इथे तोंडाऐवजी शेपटी, एवढाच फरक. मीठ लावत नाहीत. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत मासा वाऱ्यावर सुकतो आणि लाकडासारखा टणक होतो. पाच-सहा किलो ताजा मासा सुकून एक किलो उरतो. तो मग वर्षानुवर्षे टिकतो. पिएत्रो क्वेरिनी नावाच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचे जहाज फुटले आणि १४३२ च्या जानेवारीत त्याची माणसे या बेटांच्या टोकाशी, रोस्तच्या बाजूला, वाहत आली. तिथल्या कोळ्यांनी त्यांना काही महिने सांभाळले. परत जाऊन क्वेरिनीने या सुक्या माशाचे वर्णन लिहून ठेवले. आजही या माशाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक इटली. माशांची डोकी वेगळी सुकवतात, ती नायजेरियाला जातात. तिथे त्यांचे कालवण करतात. कुठले टोक कुठे जोडले जाते पाहा.

गंमत म्हणजे ही वाळवण मला नीट समजावून दिली ती आमच्या शाकाहारी जावयांनी. ते इंजिनिअर. नाकाला मफलर लावून मांडवाखाली दहा मिनिटे उभे राहिले, मुलीकडून तिथली पाटी वाचून घेतली आणि म्हणाले, "मामा, आमची अज्जी गच्चीवर संडिगे घालायची, तसंच आहे बघा." आपले सांडगे, त्यांचे संडिगे! तसेच आहे खरे. सांडग्याला कडक ऊन हवे, अवकाळी शिंतोडा पडला की घात. या माशाला शून्याच्या आसपासची थंडी हवी आणि वारा हवा. फार गोठले तर माशाचे तंतू फुटतात, उबारा वाढला तर माश्या बसतात आणि बुरशी धरते. पृथ्वीवर एवढ्या उत्तरेला असे बेताचे हवामान जवळजवळ कुठेच नाही, म्हणून हा धंदा इथे हजार वर्षे टिकला. आपल्या ब्याडगी मिरचीसारखे त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. पण हवा बेताची असणे आता कोणाच्या हाती राहिलेले नाही. समुद्र तापतो तसा कॉड अंडी घालायला आणखी उत्तरेकडे सरकतो, असे तिथल्या संशोधकांनी जुन्या नोंदींवरून दाखवले आहे.

मासा कमीही झाला आहे. बॅरेन्ट्स समुद्रातला कॉड किती पकडायचा, हे नॉर्वे आणि रशिया दरवर्षी मिळून ठरवतात. २०२१ साठी ही मर्यादा ८ लाख ८५ हजार टन होती. आम्ही गेलो त्या २०२५ साठी ती ३ लाख ४० हजार टनांवर आली होती, १९९१ नंतरची सर्वांत कमी. २०२६ साठी ती आणखी खाली, २ लाख ८५ हजार. भाव चढा मिळतो, पण वाट्याला आलेला मासा थोड्या दिवसांत पकडून होतो आणि मग होडी धक्क्याला. त्याच वेळी फोटोवाले मात्र वर्षागणिक वाढत आहेत. अरुंद रस्त्यावर मध्येच गाडी उभी करून तिपाई मांडणारे मी डोळ्यांनी पाहिले, मागे दूध नेणारा ट्रक ताटकळत होता. २०२५ च्या जूनमध्ये नॉर्वेच्या संसदेने पर्यटकांचा ताण असलेल्या नगरपालिकांना मुक्कामावर तीन टक्के कर लावण्याची मुभा देणारा कायदा केला. माझ्या मते योग्यच केले. रस्ता, संडास, बर्फ उपसणे, हे सगळे तिथल्या थोड्याशा माणसांनी आपल्या खिशातून का करावे?

बोडोच्या दुकानात मुलीने सुटे पैसे माझ्या हातात ठेवले तेव्हा दोनशे क्रोनरची नोट मी उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर कॉड मासा आहे. देशाच्या नोटेवर मासा! मुलीने त्यामागचा किस्सा सांगितला तो असा. १९९४ मध्ये निघालेल्या जुन्या दोनशेच्या नोटेवर क्रिस्टियान बिर्कलँड हे शास्त्रज्ञ होते. उत्तरेचा हा हिरवा प्रकाश सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे पडतो, हे त्यांनी निर्वात पेटीत चुंबकाचा गोळा ठेवून, पृथ्वीची छोटी प्रतिकृतीच करून, दाखवले. ते १९१७ मध्ये वारले. बरोबर शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, नव्या नोटा निघाल्या आणि त्यांच्या जागी मासा आला. आम्ही जग ओलांडून जातो ते बिर्कलँडच्या उजेडासाठी. तिथली चूल हजार वर्षे पेटते आहे ती माशावर. नोट तीच, दोनशेची.

रेइनेच्या जवळ रस्ता संपतो तिथे एक गाव आहे, त्याचे नाव फक्त एका अक्षराचे. नॉर्वेजियन लिपीतले शेवटचे अक्षर, उच्चार 'ओ'. आपल्याला हाक मारली की आपण देतो तोच ओ. त्या बाजूने परत येताना संध्याकाळी एका धक्क्यावर होडी लागलेली दिसली आणि आम्ही थांबलो. शेडमध्ये मासा साफ करणे चालू होते. जावई म्हणाले, "ना होरग निंदरतेन्री," आणि बाहेरच थांबले. आत एका कोपऱ्यात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी गुडघ्यापर्यंत रबरी एप्रन घालून उभी. समोरच्या फळीवर उभा खिळा. डब्यातून कॉडचे डोके उचलायचे, खिळ्यावर दाबायचे, सुरीच्या एका फटक्यात जीभ वेगळी, डोके दुसऱ्या डब्यात. कॉडच्या जिभा हा तिथला आवडीचा पदार्थ, आणि त्या कापण्याचे काम रीतीने मुलांचे. शाळा सुटली की मुले धक्क्यावर येतात. मिळणारे पैसे त्यांचे स्वतःचे.

मी मुलीला म्हटले, आधी विचार. तिने विचारले. त्या पोरीने मान वर न करता काहीतरी उत्तर दिले आणि शेडमधली मोठी माणसे हसली. अर्थ असा होता, "काढू देत, पण दिव्याच्या आड येऊ नका म्हणावं." बत्तीस वर्षे हेच वाक्य मी गिऱ्हाइकांच्या नातेवाइकांना ऐकवत आलो! बाजूला सरकलो, खाली बसलो, आणि तिच्या डोक्यावरच्या त्या एकाच दिव्यात चार फोटो घेतले. तिच्या वडिलांची, की काकांची, परवानगी मुलीने वेगळी घेतली. तोवर जावई दारापर्यंत आले होते. आत येऊन त्यांनी माझी बॅग उचलून ओल्या फरशीवरून वर धरली आणि ती निघेपर्यंत तशीच धरून ठेवली. मुलीने विचारले, जिभा किती झाल्या? पोरीने डब्याकडे बोट दाखवले आणि गेल्या वर्षी यापेक्षा पुष्कळ व्हायच्या, असे सांगितले. मग पुढचे डोके उचलले.

आमच्या स्टुडिओचा एक नियम होता. ज्याचा फोटो, त्याला एक कॉपी. पैसे देणारा कोणीही असो. दावणगिरीहून आलेले आजोबा नातवाच्या हट्टापायी बसले असतील, तरी एक पोस्टकार्ड साइज त्यांच्या हातात जायचीच. वडिलांनी घालून दिलेला हा नियम, आणि तो मोडलेला मला आठवत नाही. त्या पुलावरून रोज किती फोटो निघत असतील! जगभरच्या भिंतींवर जातात, स्पर्धांत बक्षिसे मिळवतात. त्या लाल भिंतींच्या आत ज्यांचे आजे-पणजे ओल्या कपड्यांनी झोपले, त्यांच्या हातात एकही कॉपी जात नाही. हिरव्या आकाशाला कॉपी देता येत नाही, हे मला कबूल. माणसाला देता येते.

बेळगावला आल्यावर मी त्या चारांतला एक फोटो निवडला आणि आठ बाय दहाची मॅट प्रिंट काढून घेतली. हिरव्या आकाशाचाही एक फोटो मोठा केला आहे, तो हुबळीला विहीणबाईंच्या दिवाणखान्यात लागला. त्यांना मांडवावरचे मासेही दाखवले. चष्मा लावून पाहिले आणि "इवू एनु, दोडकायीवा?" म्हणून विचारले. लांबून दोडक्यासारखे दिसतात खरे. जावयांनी हो म्हणून वेळ मारून नेली.

प्रिंट पाठवायला पत्ता नव्हता. मुलीने त्या पोरीचे नावही विचारले नव्हते, आणि ते बरेच केले. तिने लिफाफ्यावर गावाचे नाव, धक्क्याचे नाव आणि खाली नॉर्वेजियनमध्ये एक ओळ लिहायला सांगितली, 'दिव्याखाली जिभा कापणाऱ्या मुलीसाठी'. अक्षरे मी व्हॉट्सॲपवर पाहून गिरवली. पोस्टातल्या बाईंनी लिफाफा दोनदा फिरवून पाहिला आणि कानडीत विचारले, हे पोहोचेल का? मी म्हटले, छोटे गाव आहे, पोहोचेल. रजिस्टर पोस्टाचे पैसे भरले.

लिफाफा चिकटवण्याआधी प्रिंटच्या पाठीमागे सवयीने स्टुडिओचा शिक्का उमटवला होता. वर मराठी, खाली कानडी, मध्ये बेळगावचा जुना फोन नंबर. स्टुडिओ २०१४ मध्ये बंद झाला, तो नंबर आता लागत नाही. शाई मात्र अजून ओली आहे.